मयतीच्या सवलतीचं तिकीट

“पायरी चढू नको, आजी. तिथूनच बोल.”

मी एक पाय वर टाकला होता. तो खाली घेतला. ओतूरच्या एसटी स्टँडजवळचं विमान-रेल्वे बुकिंगचं दुकान. आत पंखा, काचेचं टेबल, दोन रिकाम्या खुर्च्या. बाहेर ऊन आणि मी. दिल्लीचं विचारलं तेव्हा दुकानदार म्हणाला होता, संध्याकाळच्या विमानात दोन जागा आहेत. एवढी घाई कशाला, असं त्यानं विचारलं. मी सांगितलं, लेक पहाटे वारली. तेवढं ऐकून त्यानं हात आडवा केला.

“सकाळीच पूजा झालीय दुकानात. तुला सुतक हाय.”

मला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. हे लिहायला लाज वाटते, पण नाही वाटलं. आम्ही डोंगराकडचे, भात-नाचणीवाले. कांदा लावायला दर वर्षी खाली उतरायचो. या दुकानदाराच्या बापाच्या वावरात मी वीस वर्षं कांदा लावला. त्यांच्या घरी पाणी मिळायचं ते ओसरीखाली, ओंजळीत. बाहेर उभं राहायची माझ्या पायांना सवय होती.

मी चौथी शिकलेली. लेक नर्स होऊन दिल्लीपर्यंत गेली. आठ दिवस तापली आणि संपली. जावयाचा फोन आला, “आई, उद्या सकाळी नेणार. त्याच्या आत या. मयतीला जाणाऱ्याला विमान कंपनी सवलत देते. दवाखान्याचं पत्र मोबाईलवर पाठवलंय.” त्याच्या खात्यात दवाखान्याच्या बिलानं काही ठेवलं नव्हतं. माझ्याकडं पूर्ण भाडं नव्हतं, सवलतीपुरतं होतं. मला तिचं तोंड बघायचं होतं. बाकी काही नको होतं.

मी बाहेरूनच मोबाईल पुढं केला. त्यानं हातात घेतला नाही. मान लांब करून पाहिलं.

“ह्यो दाखला न्हाई. नगरपालिकेचा लागतो.”

“तो कधी मिळतो?”

“जाळल्यावर.”

“जाळल्यावर जाऊन मी काय करू, दादा?”

“ते मला काय इचारती? सवलतीपायी लोक काय बी सांगत्यात. आन् तू तर रडत बी न्हाईस.”

एव्हाना एक गिऱ्हाईक आत येऊन बसलं होतं. पोरांना काश्मीर दाखवायला निघालेलं. ते हसलं. “राव, डोंगरावरची माणसं इमानात बसाय लागली. लई सुधारणा झाली.”

मी रडत नाही. नवरा गेला तेव्हाही रडले नव्हते. तेव्हाही सुतक होतं, आणि तिसऱ्या दिवशी याच्याच बापानं लावणीला बोलावणं धाडलं होतं. रोपाला सुतक लागत नाही म्हणाला होता.

दोन तास मी तिथं उभी. कागदाशिवाय सवलत नाही. सवलतीशिवाय तिकीट नाही. आणि कागद मिळणार लेक जळल्यावर. गिऱ्हाईक चहा पीत होतं. मला पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही.

मग डोक्यात उजेड पडला. या माणसाला माझी लेक मेल्याचं पक्कं माहीत आहे. म्हणून तर मी बाहेर आहे.

मी पायरी चढले. आत गेले. खुर्चीवर बसले.

“ए, ए, आजी.”

“लेक मेली नसंल तर मला सुतक न्हाई. मंग मी हितंच बसणार. मेली आसंल तर सवलत दे. दोन्हीतलं एक बोल.”

“दुकान बाटवलं ह्या बाईनं.”

गिऱ्हाईक चहा ठेवून उठलं आणि भिंतीला चिकटलं. मी मोबाईल काचेवर ठेवला. “कंपनीला फोन लाव. मला ऐकू यील आसा.”

मला उठवायचं तर हात लावावा लागणार होता. सुतकाच्या बाईला तो हात लावणार नव्हता. त्यानं फोन लावला.

पलीकडची बाई हिंदीत बोलली. टीव्हीमुळं मला तेवढी कळते. दवाखान्याचं पत्र चालेल म्हणाली. दहा मिनिटांत तिकीट निघालं. पण दुसऱ्या दिवशी दुपारचं. संध्याकाळच्या दोन्ही जागा तोवर गेल्या होत्या.

मी पोचले तेव्हा राख गरम होती. जावई थांबायला तयार होता, दवाखाना नव्हता. तोंड बघायचं राहिलं. कुणी माझी समजूत घालू नये. ते राहिलंच.

परत आले तर भावकी दारात. सुतक कसं फेडायचं ते ठरवायला आलेली. मी सांगितलं, मी ते धरलंच नाही. या घरात इथून पुढं धरायचंही नाही. मी मेल्यावरसुद्धा नाही. चुलतदीर म्हणाले, “वहिनी, उंबऱ्याला माणूस यायचं न्हाई मंग.” म्हटलं, नका येऊ.

आता वाडीतल्या कुणाचंही कचेरीत, बँकेत, दवाखान्यात काम असलं की मी बरोबर जाते. मला तिथलं फार कळत नाही. मी आत जाते, बसते, आणि त्या माणसाचं काम होईपर्यंत उठत नाही.