पांढऱ्या कापडावरचं बोट

रामटेके काका माणसाशी बोलण्याआधी ट्रकशी बोलत. इंजिनात हवा नेणारा जाड रबरी पाइप सोडवायचा, तर्जनी आत फिरवायची आणि खिशातल्या पांढऱ्या कापडावर दाबायची, ही त्यांची विचारपूस. बूढापारा या जुन्या वस्तीतल्या आमच्या गल्लीत ट्रक शिरत नाही, म्हणून पहिल्यांदा मी त्यांना स्कूटरवर बसवून रिंग रोडला घेऊन गेलो होतो. जय भीम करून मी माझं रडगाणं सुरू केलं, तर त्यांनी हातानंच गप्प बसवलं. कापडावर डांबरासारखा काळा ठसा उमटला, तेव्हा कुठे त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

काका मूळचे भंडाऱ्याचे, आमच्याच गल्लीत राहणारे, रेल्वेच्या डिझेल शेडमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. ट्रक माझ्या बाबांचा, बराच जुना. बाबा गेल्यावर मी स्टिअरिंग धरलं आणि आमचं सगळं घर त्या ट्रकवर चालू लागलं. जगदलपूरला सिमेंट नेताना केशकाल घाटात त्यानं दोनदा दम टाकला होता, मागे गाड्यांची ही रांग. ट्रान्सपोर्टवाल्यानं स्पष्ट बजावलं होतं की तिसऱ्यांदा अडकलास तर माल दुसऱ्याच्या गाडीत जाईल. जळालेल्या धुराचा थोडा भाग परत इंजिनात आणणारा एक व्हॉल्व्ह असतो, बाहेर विषारी वायू कमी जावा म्हणून. तो कायमचा बंद करून टाक म्हणजे काजळी साचणार नाही, असा सल्ला मला चार जणांनी दिला होता. काकांना मी तो ऐकवला.

"तुह्या गाडीचं जहर लोकाईनं काहून खावं?" ते म्हणाले. विषय तिथेच संपला.

दोन दिवस त्यांनी हवेची सगळी वाट उघडून खरवडली. जिथून मूठ जावी तिथून जेमतेम दोन बोटं जात होती. धुराची काजळी एकटी चिकटत नाही, तिला तेलाची वाफ भेटली की दोघी मिळून बस्तान बसवतात, हे त्यांनी मला मळक्या हातांनी समजावलं. त्यांनी एअर फिल्टर बदलायला लावला, तेलाच्या वाफेची नळी धुतली, तो व्हॉल्व्हही लख्ख केला. मी खूश झालो, ते नाही.

"साफ तर कोनीबी करते," ते म्हणाले. "थे आलं कुठून, थे सांग. रांगेत इंजिन बंद करतं ना तू? उभी गाडी घुरघुरत ठेवली का इंजिन थंडावते, डिझेल पुरं जळत नाही. मंग भरलंच समज."

"हव काका, बंद करतो," मी म्हणालो. साफ खोटं.

ट्रक घाट चढू लागला. तीन महिन्यांनी काकांनी बोट फिरवलं, तर पुन्हा तोच काळा ठसा. दुसऱ्या दिवशी सकाळी ते डबा घेऊन केबिनमध्ये येऊन बसले. सिमेंट कारखान्याच्या फाटकाबाहेर ट्रकांची रांग तासन्‌तास हलत नाही. एरवी मी इंजिन सुरूच ठेवायचो. त्या दिवशी काकांना दाखवायला मोठ्या रुबाबात बंद केलं. तासाभरानं रांग सरकली. मी किल्ली फिरवली. ट्रक नुसता कण्हला. पुन्हा फिरवली. मागचे हॉर्न वाजवू लागले आणि एकेक जण बाजूनं पुढे निघून गेला.

बॅटरी कधीचीच गेली होती; रात्रभर चार्ज केली की सकाळी जेमतेम एकदा इंजिन सुरू व्हायचं. बंद केलं आणि सुरू झालं नाही तर नंबर जाईल, या भीतीनं मी महिनोन्‌महिने रांगेत इंजिन बंदच करत नव्हतो. मला काकांकडे बघवेना.

"मी रातभर व्हॉल्व्हले दोष देऊन राहिलो," ते शांतपणे म्हणाले. "बॅटरी मेली हाय येवढं सांगतलं असतं, तर एका दिवसाचं काम होतं. मले काहून नाही सांगतलं, बाबू?"

मला रडू आलं, हे लिहायला आता लाज वाटत नाही. काकांनी शेजारच्या ट्रकवाल्याकडून वायर लावून इंजिन सुरू करवलं. त्याच आठवड्यात नवी बॅटरी बसली. मग त्यांनी एक पांढरं कापड माझ्या सीटमागे टांगलं. दर महिन्याला त्यावर बोटाचा ठसा, शेजारी तारीख, आणि ठसा काळा आला तर त्याचं कारण माझ्या हातानं. "खरं लिहाचं," एवढीच अट. ठसे हळूहळू राखाडी होत गेले. घाटात ट्रक पुन्हा अडकला नाही.

यंदा होळीनंतर काका गेले. शेवटच्या भेटीत खाटेवरून उठवत नव्हतं, तरी मला कापड आणायला लावलं. चष्मा पुसून शेवटचा ठसा पाहिला, मान हलवली आणि चहा सांगितला.

त्यानंतर दोन महिने मी पाइप उघडलाच नाही. मे महिन्यात एकदा धीर करून स्वतःचं बोट आत फिरवलं. ठसा उमटला तो काकांच्या शेवटच्या ठशापेक्षा बराच काळा. कापड टाकून देता आलं असतं. विचारणारं कोणी उरलं नव्हतं.

मी तारीख घातली आणि शेजारी लिहिलं: 'उन्हात पंख्यासाठी रोज रांगेत इंजिन सुरू ठेवलं. चूक माझी.' मग पाना घेतला आणि व्हॉल्व्ह खोलायला बसलो.