कंपनीतून आणलेला ड्रम

माझ्या सासूबाई मंजुळाबाई. त्यांना माणसांपेक्षा बाटलीतल्या जिवाणूंची काळजी जास्त. युरिया त्यांनी चार वर्षांपूर्वीच बंद केला. कांद्याची रोपं लावायच्या आधी मुळं जिवाणू खताच्या पाण्यात बुडवायची, ही त्यांची रीत. ती बाटली उन्हात राहिली की माझी खरडपट्टी ठरलेली. "करिष्मे, जित्ती हायेत ती! मरत्याल की!"

चाकणजवळचं आमचं वीस गुंठे रान तीन बाजूंनी कंपन्यांच्या भिंतींत अडकलंय. यंदा माझा नवरा समाधान म्हणाला, "या खेपेला कांदा गेला, तर रान गोडाऊनला देऊन टाकायचं." त्या दिवसापासून मंजुळाबाईंचं जेवण अर्ध्यावर आलं.

आणि मी शहाणी! लागवडीच्या आदल्या दिवशी, मी कामाला जाते त्या कंपनीच्या भंगारातला निळा ड्रम पाणी कालवायला घरी आणला. लेबल फाटलेलं. दोनदा धुतला, झालं. सकाळी मंजुळाबाईंनी त्यातच कोपरापर्यंत हात घालून जिवाणूंचं पाणी कालवायला घेतलं. मी शिफ्टला निघून गेले.

चौथ्या दिवशी कंपनीत सेफ्टीचं ट्रेनिंग होतं. साहेबांनी तसलाच ड्रम पुढे ठेवला. "कूलिंग टॉवरच्या पाण्यात टाकायचं औषध. यात एकही जिवाणू जगत नाही. उघड्या हातानं शिवायचं नाही."

घरी आले तर रोपांनी माना टाकलेल्या. सांगू कोणाला? समाधानला सांगितलं तर रान जाणार, मंजुळाबाईंना सांगितलं तर त्या खचणार. मी गप्प बसले. घाबरट कुठली!

त्यात घरात भाकरी बंद झाली. "कटाळा आलाय, भात टाक," मंजुळाबाई म्हणायच्या. जेवायला चमचा, हात सारखे पदराखाली. आठव्या दिवशी मी चिडून पदर ओढला. गोंदणावरची कातडी सोलून निघाली होती, कोपरापर्यंत फोड. मला रडूच फुटलं.

"आत्याबाई, बोलला का नाही?"

"हात घातला तवाच आग झाली. ड्रम तसाच झाकून ठिवलाय. दुसरी बाटली घमेल्यात कालवून रोपं त्यात बुडवली. पर ड्रम तुझा. समाधान तुला बोलला असता, आन् रानबी गेलं असतं."

"मग रोपं अशी का?"

"नव्या जागी आठ दिस रुसत्यात गं. पर मलाबी भ्या वाटतंय."

मी समाधानला हाक मारून सगळं सांगितलं. तो माझ्यावर ओरडला, मग आईचे हात बघून तिला दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, दोन महिने मातीत हात घालायचा नाही. "बास आता, रान देतो," समाधान म्हणाला. मंजुळाबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. इतकं भेदरलेलं माणूस मी पाहिलं नव्हतं.

"मी करते शेत," मी बोलून गेले. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही!

"कर. पण उद्या रोपं मेलेली निघाली तर विषय संपला," समाधान म्हणाला.

सकाळी कंपनीचे हातमोजे घालून मी वाफ्यात उतरले. बांधावरून मंजुळाबाई म्हणाल्या, "मोजं काढ. वाईच वढून बघ. सुटलं, तर गेलं."

मी मोजे काढून बांधावर ठेवले. डोळे मिटून एक रोप हलकेच ओढलं. ते आलं नाही. शेजारचं ओढलं. तेही नाही.

"मूळ धरलंय, आत्याबाई!"

त्या मटकन खाली बसल्या आणि पट्ट्या बांधलेले हात तोंडावर धरून रडायला लागल्या.