करवतीची साखळी

जंगलठेकेदारांनी मोडल्या म्हणून टाकलेल्या इंजिनाच्या करवती आमच्या पौडचा एक गडी आपल्या पडवीत आणून ठेवायचा. रॉकेलनं गंज काढायचा, साखळीचा एकेक दात कानशीनं घासून अंगठ्यावर धार बघायचा. खूश झाला की म्हणायचा, "चालंल."

एकदा त्याची सगळ्यात लाडकी करवत मागायला ठेकेदार आला. "देवराई तोडायचीय," म्हणाला. तिथली वाळकी काटकीसुद्धा आम्ही उचलत नाही.

"इंजिन न्या. साखळी न्हाई मिळायची," हा शांतपणे म्हणाला. ठेकेदार शिव्या देत गेला.

पुढं जत्रेला देवराईत गेलो, तर देवीची घंटा त्याच साखळीला टांगलेली. जपून हात लावला. सगळे दात त्यानं घासून बोथट केले होते.