पाहुण्यांसाठी लिंपलेली भट्टी

कोळसा वाचवण्याच्या नोकरीवर रुजू झाले आणि पहिलाच हुकूम मिळाला तो कोळसा उधळण्याचा.

अकोल्याच्या एमआयडीसीत आमचा सळयांचा कारखाना. लोखंडाचे लांब ठोकळे भट्टीत लालबुंद तापवायचे आणि फिरत्या रुळांमधून दाबत दाबत त्यांची सळई करायची. काम एवढंच, पण ते दिवसभर कोळसा खातं. असल्या खादाड कारखान्यांनी एक ऊर्जा व्यवस्थापक ठेवलाच पाहिजे, असा सरकारचा नियम आहे. मी ती परीक्षा पास झाले होते आणि अमरावती सोडून अकोल्याला यायला तयार होते. जठारपेठेत खोली घेतली. आईनं तिकडे शेजारपाजारी जाहीर करून टाकलं की पोरगी सरकारच्या वीजबचतीत आहे. तेव्हापासून मी घरी गेले की शेजारच्या मावशी त्यांचा जुना फ्रिज ठेवावा की काढावा हे विचारायला येतात. मी दर वेळी ठेवा म्हणते. मला फ्रिजमधलं काही कळत नाही.

भट्टीतलंही फारसं कळत नव्हतं. ते कळायचं एका माणसाला. त्याला सगळे काका म्हणत, मीही म्हणू लागले. साठी उलटलेला, वाळक्या अंगाचा, मूर्तिजापूरकडच्या एका खेड्यातून रोज येणारा. निवृत्तीचं वय कधीच होऊन गेलं होतं, पण मालक दर एप्रिलला त्याला एका वर्षाची मुदतवाढ देत. एप्रिल जवळ आला की काकांचं जेवण कमी व्हायचं. शेती मुलांनी सांभाळली होती, घरी कशाची ददात नव्हती. "घरी बसून काय करू, ताई? सोयाबीनच्या तोंडाकडे पाहत राहू काय?" असं ते म्हणायचे. त्यांना ही भट्टी हवी होती, बस.

भट्टीच्या दाराला चारी बाजूंनी फटी असतात. तिथून धग बाहेर जाते, गार हवा आत शिरते आणि कोळसा वाया जातो. जेवणाच्या सुट्टीत काम थांबलं की काका ते दार बंद करून फटी मातीनं लिंपून टाकत. माती पण कुठली, तर त्यांच्या गावच्या गावठाणातली पांढरी, जी आमच्या वऱ्हाडात धाब्याच्या घरांच्या सपाट छतांवर टाकतात ती. शेतातली काळी माती तापली की तडकते, ही तडकत नाही. घमेल्यात ती घ्यायची आणि त्यात सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, कालवायचा. सुट्टी संपली की लिंपण फोडायचं, दुसऱ्या सुट्टीला पुन्हा करायचं. हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. मी हिशेब करून पाहिला तेव्हा माझ्या पुस्तकातले निम्मे उपाय त्या घमेल्यात निघाले.

आता सरकारची योजना. कागदावर ती झकास होती. सरकार आधी एक वर्ष नुसतं बघणार की एक टन सळई काढायला तुम्ही किती इंधन जाळता. त्याचं नाव पायाभूत वर्ष. त्या आकड्यावरून पुढच्या तीन वर्षांत किती कमी करायचं ते ठरणार. जास्त वाचवलं तर प्रमाणपत्रं मिळणार, ती विकता येणार. कमी पडलात तर दुसऱ्याची विकत घ्यायची. हे ज्यानं लिहिलं त्याला वाटलं असावं की पहिल्या वर्षी लोक नेहमीसारखेच वागतील. भला माणूस असणार. कारखान्याच्या मालकाशी तो कधी बोलला नसावा.

आमच्या मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, "मॅडम, यंदा जरा सैल हातानं चालू द्या. आता जितकं जास्त जाळू, तितकं पुढं कमी करायला सोपं जाईन." वजन उतरवायच्या शिबिरात नाव घालताना पहिल्या दिवशी भरपेट जेवून काट्यावर उभं राहावं, तशातला प्रकार. मी मान डोलावली. नोकरीला महिना झाला नव्हता.

काकांना हे सांगायचं माझ्यावर आलं. तुमची माती यंदा नको, कोळसा वाया जाऊ द्या, असं त्या माणसाच्या तोंडावर म्हणायची मला लाज वाटली. म्हणून मी आडून सांगितलं. "काका, यंदा सरकारची माणसं आकडे बघायला येणार आहेत. भट्टीपायी फार जीव काढू नका. लिंपण राहिलं तरी चालेल."

काका हसले. "हौ ताई. समजलं मले."

त्यांना काय समजलं ते सोमवारी कळलं. ते दोन पोती जास्तीची पांढरी घेऊन आले होते. आमच्याकडे पाहुणा 'माझ्यासाठी काही करू नका' म्हणाला की घरात पुरण शिजायला लागतं, हे मी, जन्मापासून वऱ्हाडात वाढलेली बाई, विसरले होते. सरकार पाहुणं येणार आणि ताई भिडेपोटी 'राहू द्या' म्हणताहेत, असा सरळ अर्थ त्यांनी लावला. वर्षभर दिवसातून तीनदा दार लिंपलं. चहाच्या सुट्टीतसुद्धा. तपासणीला माणसं आली त्या दिवशी काका धुतलेला सदरा घालून भट्टीशेजारी उभे होते.

मी त्यांना अडवू शकले असते. एका वाक्याचं काम होतं. पण महिन्यामागून महिना माझा इंधनाचा आलेख खाली उतरत होता आणि तो मला फार आवडत होता. मालक विचारायचे तेव्हा मी म्हणायची, बघते. तपासणीवाल्यांनी असा आकडा या भागात पाहिला नाही म्हणून माझं कौतुक केलं. मी ते ठेवून घेतलं.

मग उद्दिष्टं आली. शेजारच्या एका कारखान्यात भट्टीचं दार कित्येक वर्षं नीट लागतच नव्हतं. त्यांनी बिजागऱ्या बदलल्या, दार लावलं आणि उद्दिष्ट गाठून वर प्रमाणपत्रं मिळवली. त्यांच्या व्यवस्थापकाचा अमरावतीला शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. टाळ्या वाजवायला मी होतेच. आम्हाला मात्र आधीच्या काटकसरीवर आणखी काटकसर करायची होती. काका ह्याहून घट्ट लिंपू शकत नव्हते. उपाय एकच उरला, आपोआप उघडझाप करणाऱ्या दाराची नवी भट्टी. तिचा प्रस्ताव मी लिहिला. चांगला लिहिला. त्यात 'भट्टीवर स्वतंत्र माणसाची गरज नाही' असं एक वाक्य आहे, तेही माझंच.

प्रस्ताव मंजूर झाला आणि त्या एप्रिलला काकांच्या मुदतवाढीचं पत्र निघालं नाही. काकांना ते मी सांगावं, असं मालकांचं म्हणणं पडलं.

दुपारची वेळ होती. मी सांगितलं. काकांनी हातातलं घमेलं कडेला ठेवलं. मग म्हणाले, "आकडा खराब आला होता काय आपला?"

"नाही काका. सगळ्यांत चांगला आला होता."

"मंग मले काहून काढून राहिले?"

या वेळी मी आडून बोलले नाही. पायाभूत वर्ष, शेजारच्यांचं दार, मालकांचा हुकूम, मी तेव्हा काय सांगायला आले होते आणि काय सांगितलं, सगळं बोलले. ऐकून झाल्यावर त्यांनी इतकंच विचारलं, "तुमी वर्षभर पाहून राहिल्या होत्या. काहून नाही सांगतलं मले?"

"माझं नाव होत होतं, काका," मी म्हणाले.

ते चिडतील, असं मला वाटलं. मला ते हवंही होतं. त्यांनी घमेलं उपडं करून ठेवलं, डबा घेतला, आणि जाता जाता म्हणाले, "नवी होती तुमची बी नोकरी." मी त्यांच्या मागोमाग फाटकापर्यंत गेले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच गेले. बाहेर अकोल्याचं एप्रिलचं ऊन होतं. काकांनी डोक्याला दुपट्टा बांधला आणि मागं वळून मला म्हणाले, "जा ताई वापस. लय ऊन आहे, तुमाले सोसत नाही."