आत्याने जिंकलेली शर्यत
डांबराच्या गोळ्यांचा वास आला की मला शनिवार पेठेतलं ते ग्रंथालय आठवतं. पणजोबांच्या निधनाची बातमी शोधायला मी तिथे जुन्या वर्तमानपत्रांच्या फायली चाळत बसले होते. पिवळी पानं हात लावताच कडेला तुटत होती. पणजोबा काही सापडले नाहीत, पण एका कोपऱ्यात मुलींच्या सायकल शर्यतीचा निकाल दिसला आणि त्यात पहिलं नाव आत्याचं होतं, माहेरच्या आडनावासकट. मी लहान असल्यापासून आत्या ही शर्यत जिंकल्याचं सांगायची आणि बाबा तिची थट्टा करायचे, "हो, स्वप्नात!" मी फोटो काढला आणि जिन्यात येऊन तिला कर्वेनगरला फोन लावला. "आत्या, तू खरंच पहिली आली होतीस!" ती शांतपणे म्हणाली, "मला काय सांगतेस? मी होते तिथे. तुझ्या बाबांना सांग." संध्याकाळी बाबांनी तो फोटो दोनदा वाचला, चपला घातल्या आणि पेढे घेऊन मला तिच्याकडे घेऊन गेले. दार उघडून आत्या म्हणाली, "एवढ्या वर्षांनी आलास, पेढे तरी ताजे आहेत ना?" आणि दोघंही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. हल्ली त्या शर्यतीची गोष्ट पाहुण्यांना बाबाच सांगतात, आणि आत्यापेक्षा जास्त रंगवून.