घरातला एजंट

गेल्या रविवारी वाघोलीला एक फ्लॅट बघायला गेलो होतो. मी आणि आमचे हे... म्हणजे मी, माझे दुखरे गुडघे आणि आमचे अधिकृत प्रॉपर्टी एजंट!

त्याचं असं झालं... आम्ही राहतो कसब्यात, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. हल्ली भाजीला खाली उतरायचं म्हणजे मी दोनदा विचार करते. म्हणून लिफ्टवालं घर घ्यायचं ठरलं. तेवढ्यात यांना कुठून तरी कळलं, की नव्या फ्लॅटवर बिल्डर एजंटला कमिशन देतो. "आपल्या घराची दलाली दुसऱ्याने का खायची?" असं म्हणून रिटायर झालेल्या या माणसाने स्वतःच एजंट व्हायचं ठरवलं.

मग काय... क्लासची फी, परीक्षेची फी, लायसन्सची फी. वर व्हिजिटिंग कार्डं आणि एक लेदरची बॅग. मी काही बोलले की "ही गुंतवणूक आहे" हे उत्तर ठरलेलं. जेवणं झाली की मी पुस्तकातून प्रश्न विचारायची आणि हे डोळे मिटून उत्तरं द्यायचे. इतके गोड दिसायचे, की रागावायचं राहूनच जायचं.

पण लायसन्स येईपर्यंत एकही घर बघायचं नाही, असा यांचा हुकूम. त्यात जवळजवळ वर्ष गेलं आणि जिना काही कमी झाला नाही.

तर रविवारी फ्लॅट बघून बिल्डरच्या ऑफिसात बसलो, तेव्हा यांनी ऐटीत कार्ड पुढे केलं. सेल्सच्या मुलीने ते वाचलं आणि हसून म्हणाली, "सॉरी सर, स्वतःच्या बुकिंगवर आम्ही कमिशन देत नाही."

झालं! "मग आपला व्यवहार जमायचा नाही," म्हणत हे ताडकन उठले. मीही उठायला गेले... आणि गुडघा असा धरला, की टेबलाला हात टेकून तिथेच उभी राहिले. फ्लॅट मला फार आवडला होता.

यांनी माझ्याकडे पाहिलं. बॅग खाली ठेवली आणि परत बसले.

"कमिशन राहू द्या. लिफ्टच्या अगदी जवळचा फ्लॅट कुठला, तेवढं सांगा. क्लायंटची सोय आधी बघायची, असं शिकवलंय आम्हाला."

"क्लायंट कोण, सर?"

"या काय, उभ्या आहेत."

बुकिंग करून घरी आलो. जिना चढताना माझी पर्स यांच्या खांद्यावर होती, लेदरच्या बॅगेच्या शेजारी. प्रत्येक वळणावर माझ्यासाठी थांबत होते. दुसऱ्या मजल्यावर हळूच म्हणाले, "वर्षभर उगाच चढवलं तुला."

लायसन्स महागात पडलं, हे खरंच... पण माझी बाजू मांडणारा एजंट मला मिळाला, आणि तो माझ्याच घरातला निघाला. मी खूप सुखात आहे.