येऊन राहिलो

आमचे बाबा फोनवर "येऊन राहिलो", म्हणजे येतोय, म्हणतात, तेव्हा ते हिंगोली डेपोच्या कँटीनमध्ये दुसरा चहा सांगत असतात. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पुण्यात आठ वर्षं काढून मलाच विसर पडला होता.

गेल्या उन्हाळ्यात मी लॅपटॉप घेऊन घरी आले. कुणी आजारी नव्हतं, लग्नबिग्न ठरलं नव्हतं. मला इथं राहायचं होतं, बस्स. साहेबांनी तीन महिन्यांची परवानगी दिली आणि सोबत एक किचकट काम गळ्यात मारलं. ते वेळेत झालं तर इथूनच काम करायचं, नाही तर पुण्याची गाडी धरायची. आई यावर राहाही म्हणाली नाही, जाही म्हणाली नाही. खिडकीपाशी टेबल लावून दिलं, त्यावर जुन्या साडीची घडी अंथरली आणि कामाला लागली. मला तिचा रागच आला होता. एकदा तरी म्हण की बाई, राहा.

काम असं होतं. आमची वेबसाइट नवी झाली होती, पण तिच्या चाचण्या घेणारी जावास्क्रिप्टची लायब्ररी, म्हणजे आयत्या कोडचा संच, जुनीपुराणीच राहिली होती. चाचणी म्हणजे छोटासा प्रोग्राम. तो खोटंखोटं बटण दाबतो आणि 'नोंद झाली' ही अक्षरं आली का बघतो. आली तर हिरवी खूण, नाही तर लाल. माझ्यापुढे साठेक लाल. नवी लायब्ररी घातली तर निम्म्या हिरव्या झाल्या, बाकीच्या अडून बसल्या. मी स्वतः बटण दाबलं की अक्षरं बराबर यायची, आणि चाचणी म्हणायची, मला काही दिसलं नाही. शेवटी वैतागून सगळीकडे लिहून टाकलं, बटण दाबल्यावर दोन सेकंद थांब. सकाळी सगळं हिरवं, दुपारी त्यातल्याच सात-आठ परत लाल. चार दिवस उरले होते आणि मी आईनं दिलेल्या चहावरही फणकारत होते.

त्या दुपारी बाबांचा फोन आला, "दोन मिनटांत येऊन राहिलो." मी उठून त्यांच्या ताटात पिठलं वाढलं, ठेचा वाढला, कांदा फोडला. आई पीठ मळून निवांत बसलेली, तवा खालीच.

"काहून वाढलं?"

"येऊन राहिले न बाबा."

"येऊन राहिले म्हन्जे आले का? पुण्याला जाऊन बोली इसरलीस व्हय." आई हसली. "तीस वर्सं एसटी बराबर टायमावर काढली तुह्या बापानं. घरी यायचा टाइम देवालाबी ठाऊक न्हाई. मी घड्याळ बघतच न्हाई. फटफटी वाजली की तवा ठेवते."

मी हातातला कांदा तसाच ठेवून टेबलाकडे पळाले. जुन्या लायब्ररीत बटण दाबलं म्हणजे दाबलं, मगच पुढची ओळ. नवी नुसतं 'येऊन राहिलो' म्हणते, आणि मी तिला 'आलो' समजून ताट वाढत होते. वर घड्याळ लावून दोन सेकंद मोजत होते. आता सेकंद काढून टाकले. लिहिलं, बटणाचं काम पुरतं होऊ दे, मग अक्षरं दिसेपर्यंत वाट बघ.

बाबा पाऊण तासानं आले. "पिठलं गार काहून?" म्हणाले.

"तुमच्या दोन मिनटांनी," आई म्हणाली.

चौथ्या दिवशी सकाळी हिरवं होतं, दुपारीही हिरवंच राहिलं. साहेबांचा फोन आला. "ठरल्याप्रमाणे तुम्ही तिकडूनच काम करा," म्हणाले, "फक्त महिन्यातून एकदा पुण्याला या. या वेळी कधी येताय?"

"येऊन राहिले, सर," माझ्या तोंडून गेलं.

साहेब पक्के पुण्याचे. ते गोंधळले. "येऊन राहिलात? कुठे?"

मला हसू आलं. त्यांच्या मराठीतही ते खरंच होतं. "इथं, सर," मी म्हणाले. "घरी."

फोन ठेवून आत गेले. दारात फटफटी वाजलेली नव्हती, तरी आईनं तवा ठेवला होता.

"आता आलीस," ती म्हणाली. "बस जेवायला."